वस्तू लवकर कालबाह्य का होतात? पुणेकर वारंवार विचारतात ते प्रश्न

ग्राहक मार्गदर्शनाच्या निमित्ताने पुण्यात लोकांशी बोलताना हे प्रश्न पुन्हा पुन्हा समोर येतात. कोथरूडमधल्या सोसायटीचे सेक्रेटरी लिफ्टबद्दल विचारतात, भोसरीतले कारखानदार मशीनबद्दल आणि कॉलेजची मुलं फोनबद्दल. प्रत्येकाची वस्तू वेगळी असली तरी अडचणीचं मूळ बहुतेक वेळा एकच निघतं. वस्तू अजून चालू शकते, पण तिला चालू ठेवणारी एखादी गोष्ट कुणीतरी बंद केलेली असते. ती कोण बंद करतं, का करतं आणि आपण त्यावर काय करू शकतो, ते इथे मांडलं आहे.

वस्तू कालबाह्य झाली असं नेमकं कधी म्हणायचं?

झिजून मोडली ती जुनी झाली. कालबाह्य होणं वेगळं. वस्तू धडधाकट असते, पण तिचा सुटा भाग बाजारात मिळत नाही, तिचं सॉफ्टवेअर अपडेट होत नाही, नवा नियम तिला चालवू देत नाही, किंवा नवं मॉडेल आल्यामुळे ती वापरायला आपल्यालाच नकोशी वाटते. यातलं शेवटचं कारण आपल्या मनातलं आहे. आधीची तिन्ही मात्र कुणाच्या तरी निर्णयाची आहेत, आणि निर्णय असेल तर त्याचा जाब विचारता येतो.

कंपन्या मुद्दाम कमी टिकणाऱ्या वस्तू बनवतात, हे खरं की नुसती अफवा?

पुराव्यानिशी खरं ठरलेलं उदाहरण आहे. १९२४ च्या अखेरीस जिनिव्हात जगातल्या मोठ्या बल्ब कंपन्या एकत्र आल्या. ऑसराम आणि फिलिप्स त्यात होत्या. ‘फीबस’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या या संगनमताने साध्या बल्बचं आयुष्य १,००० तासांवर आणायचं ठरवलं. त्याआधी १,५०० ते २,००० तास चालणारे बल्ब मिळत होते. प्रत्येक कारखान्याचे बल्ब तपासले जात, आणि ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त टिकले तर त्या कंपनीला दंड होई. दुसरं महायुद्ध सुरू होईपर्यंत हे चाललं.

याची दुसरी बाजूही आहे. तारेचा बल्ब जास्त तास टिकवायचा तर तार कमी तापवावी लागते, आणि मग त्याच विजेत उजेड कमी पडतो. ब्रिटनच्या मक्तेदारी आयोगाने १९५१ मध्ये चौकशी केली तेव्हा हा तांत्रिक मुद्दा नोंदवला होता. म्हणजे १,००० तासांमागे थोडं शास्त्र होतं. पण स्पर्धकांनी दंड ठरवून सगळ्यांना एकाच मर्यादेत बांधायचं, याला शास्त्राचा आधार नव्हता.

१९२० च्या त्याच दशकात अमेरिकेत आल्फ्रेड स्लोन यांच्या जनरल मोटर्स या मोटार कंपनीने निराळी वाट धरली. दरवर्षी गाडीचं रूप बदलायचं, म्हणजे गेल्या वर्षीची गाडी चांगली चालत असूनही मालकाला जुनी वाटेल. आज मोबाईलच्या बाजारात दिसतं ते यापेक्षा फार वेगळं नाही.

अलीकडचं उदाहरण ॲपलचं. बॅटरी जुनी झालेल्या आयफोनचा वेग आपण सॉफ्टवेअरने कमी करतो, हे कंपनीने डिसेंबर २०१७ मध्ये मान्य केलं. फोन अचानक बंद पडू नये म्हणून हे केलं, असं तिचं म्हणणं होतं. फ्रान्सने २०२० मध्ये २.५ कोटी युरोंचा दंड केला, तो ग्राहकांना हे न सांगितल्याबद्दल. मला हा मुद्दा फार महत्त्वाचा वाटतो. त्या माणसांना नवी बॅटरी टाकून भागलं असतं. ते माहीतच नसल्यामुळे त्यांनी नवे फोन घेतले.

आईचा मिक्सर पंचवीस वर्षं चालला. आताच्या वस्तू पाच वर्षांत का जातात?

त्या काळातले जे मिक्सर लवकर जळाले ते केव्हाच भंगारात गेले. आपल्याला दिसतात ते तगलेले. तेव्हा मिक्सर घेणं म्हणजे घरातली मोठी खरेदी असे, आज तुलनेने खूपच कमी किमतीत मिळतो. आणि खरं तर मिक्सर आजही दुरुस्तीला सोपा आहे. कपलर, कार्बन ब्रश, भांड्याचं बुश, पातं हे सगळं बोहरी आळीपासून उपनगरातल्या दुकानांपर्यंत मिळतं.

फरक पडला तो फ्रीज, एसी, वॉशिंग मशीनमध्ये. जुन्या फ्रीजमध्ये रिले आणि थर्मोस्टॅट असे, दोन्ही स्वस्त आणि कुठल्याही कंपनीचे बसणारे. आता इन्व्हर्टर तंत्राचा बोर्ड असतो. त्यामुळे वीज वाचते, ते नाकारण्यात अर्थ नाही. पण बोर्डावरचे कपॅसिटर, म्हणजे वीज क्षणभर साठवणारे छोटे भाग, उष्णतेला नाजूक असतात. तापमान दहा अंशांनी वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, हा इलेक्ट्रॉनिक्समधला जुना आडाखा आहे. गच्चीवर उन्हात तापणाऱ्या एसीच्या बाहेरच्या युनिटमधला बोर्ड, त्यात विजेचा कमी-जास्त दाब. डिझाइन करणाऱ्याने दोन पैसे वाचवून कमी प्रतीचा कपॅसिटर लावला असेल तर पहिला मार तिथेच बसतो.

तो एक भाग बदलला की बोर्ड चालतो. कंपनीचं सर्व्हिस सेंटर मात्र भाग बदलत नाही, आख्खा बोर्ड बदलतं. आणि बोर्ड ‘स्टॉकमध्ये नाही’ म्हटलं की चार आण्याच्या भागापायी आख्खा एसी निकालात निघतो.

टीव्हीचा आवाज येतो, चित्र दिसत नाही. कंपनीचा माणूस म्हणतो पॅनेल गेलं, नवीनच घ्या. काय करू?

आधी घरीच एक तपासणी करा. खोलीत अंधार करा, टीव्ही चालू ठेवा आणि मोबाईलचा टॉर्च पडद्याजवळ तिरका धरा. पुसट का होईना, चित्र हलताना दिसलं तर पॅनेल बहुतेक शाबूत आहे. गेलेली आहे ती मागची बॅकलाइट.

बुधवार पेठेत तपकीर गल्लीच्या आणि पासोड्या विठोबाच्या आसपास हे काम करणारे कारागीर आहेत. एकदा उभं राहून बघण्यासारखं काम आहे. टीव्ही जाड चादरीवर पालथा ठेवतात. मागचं झाकण, मग कडेची पट्टी, मग काच. काचेच्या कडेला कागदापेक्षा पातळ पट्ट्या चिकटलेल्या असतात. त्यातली एक मुडपली तर पॅनेल खरोखरच संपलं, म्हणून हा भाग दोघं मिळून उचलतात. खाली पांढऱ्या पत्र्यावर एलईडीच्या पट्ट्या दिसतात, प्रत्येक दिव्यावर छोटं भिंग बसवलेलं. हे दिवे माळेसारखे एकामागे एक जोडलेले असतात, त्यामुळे एक जळाला की सगळी पट्टी अंधारते. कारागीर टेस्टरची टोकं एकेका दिव्याला लावत जातो, पेटत नाही तो सापडतो, आणि दिवा किंवा पट्टी बदलली की पडदा उजळतो.

आता सावधगिरीचं. पडद्यावर उभ्या रेषा असतील किंवा काच फुटली असेल तर ते पॅनेलचंच काम आहे, आणि तिथे चार आण्याची कोंबडी बारा आण्याचा मसाला अशी गत होते. चांगला कारागीर हे तपासून आधीच सांगतो. तपासणीची फी विचारून घ्या, बदललेला जुना भाग परत मागा आणि पावतीवर काम काय केलं ते लिहून घ्या. बॅकलाइट बदलून घेतली तर टीव्हीचा उजेड मेनूमधून थोडा कमी ठेवा, दिवे जास्त टिकतात.

फोन नीट चालतो, पण बँकेचं ॲप ‘हा फोन चालणार नाही’ म्हणतं. असं का?

फोनमधली सिस्टीम जुनी झाली आणि कंपनीने तिला सुरक्षेचे अपडेट देणं थांबवलं की बँका, पेमेंटची ॲप हळूहळू पाठिंबा काढून घेतात. त्यांची बाजूही समजण्यासारखी आहे, कारण असुरक्षित फोनवरून फसवणूक झाली तर निस्तरावं त्यांनाच लागतं. पण अपडेट किती वर्षं मिळणार हे विकताना खोक्यावर ठळक लिहिलेलं नसतं, ही खरी फसगत आहे. कॅमेरा किती मेगापिक्सेलचा हे मोठ्या अक्षरांत छापतात, फोन केव्हा निकामी होणार हे नाही.

बॅटरीचं म्हणाल तर लिथियम-आयन बॅटरी साधारण ५०० वेळा पूर्ण चार्ज झाल्यावर तिची क्षमता ८० टक्क्यांच्या आसपास येते. हा तिचा स्वभाव आहे, दोष नव्हे. दोष आहे तो बॅटरी गोंदाने चिकटवून टाकण्यात. काही फोनमध्ये तर पडदा किंवा बॅटरी मूळ भागाशी सॉफ्टवेअरने जोडलेली असते. त्याच कंपनीच्या दुसऱ्या फोनमधला अस्सल भाग बसवला तरी फोन कुरकुरतो. अमेरिकेतल्या ओरेगन राज्याने २०२४ च्या कायद्यात या जोडणीलाच बंदी घातली.

ऑफिसातले कॉम्प्युटर विंडोज १० वर आहेत. सगळे बदलावे लागतील का?

विंडोज १० चा मोफत पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला सुरक्षेची ठरावीक चिप आणि तुलनेने नवा प्रोसेसर लागतो, त्यामुळे बरेच चांगले कॉम्प्युटर बाद ठरले. फक्त इंटरनेट, पत्रव्यवहार, हिशेब एवढंच काम असेल तर लिनक्स ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम टाकून ते आणखी काही वर्षं सुखाने चालतात. टॅलीसारखं एखादं सॉफ्टवेअर विंडोजवरच हवं असेल तर तेवढी एक-दोन मशीन बदला. सरसकट बदली करू नका.

आमच्या प्रकाशनाच्या जुन्या फाइल उघडत नाहीत. हाही त्यातलाच प्रकार?

हो, आणि पुण्यासाठी तर फार जिव्हाळ्याचा. सदाशिव, नारायण पेठेतल्या छापखान्यांनी आणि प्रकाशकांनी कित्येक वर्षं मराठी मजकूर युनिकोड येण्याआधीच्या फाँटमध्ये टाइप केला, पेजमेकर या सॉफ्टवेअरमध्ये पानं लावली. पेजमेकर बंद झालं. ते फाँट नसलेल्या कॉम्प्युटरवर मजकूर उघडला तर अगम्य चिन्हं दिसतात. म्हणून काही ठिकाणी एक जुनाट कॉम्प्युटर केवळ त्या फाइलींसाठी जिवंत ठेवलेला असतो, आणि त्याची हार्ड डिस्क गेली की पुस्तकंच जातील.

ते मशीन चालू आहे तोवर प्रत्येक पुस्तकाची पीडीएफ काढा, मजकूर कन्व्हर्टरने युनिकोडमध्ये आणा आणि मग मुद्रितशोधन करून घ्या, कारण रफार आणि जोडाक्षरं कन्व्हर्टरमध्ये हमखास बिघडतात. दोन वेगळ्या ठिकाणी प्रत ठेवा. हे काम पुढच्या वर्षावर ढकलू नका.

सोसायटीची लिफ्ट वीस वर्षांची आहे. कंपनी म्हणते पार्ट बंद झाले, पूर्ण लिफ्ट बदला. पटत नाही.

न पटण्याला जागा आहे. लिफ्टचे रूळ, वजनाचे ठोकळे, सांगाडा हे दणकट लोखंडी भाग असतात आणि देखभाल नीट असेल तर दीर्घकाळ चालतात. कालबाह्य होतो तो कंट्रोलर (लिफ्टचा इलेक्ट्रॉनिक मेंदू), ड्राइव्ह (मोटरचा वेग सांभाळणारा भाग) आणि दाराची यंत्रणा. म्हणून कंपनीला लेखी विचारा: नेमका कोणता भाग बंद झाला, त्याला पर्याय काय, आणि फक्त कंट्रोलर व वायरिंग बदललं तर खर्च किती. हे तिन्ही प्रश्न पत्रावर गेले की ‘पूर्ण बदला’चा सूर बऱ्याचदा मवाळ होतो. तरीही सुरक्षेशी तडजोड नको. दोर, ब्रेक आणि सेफ्टी गिअर (लिफ्ट बेफाम खाली आली तर रुळावर पकडणारी यंत्रणा) यांची तपासणी त्रयस्थ इंजिनिअरकडून करून घ्या.

नवा कंट्रोलर घेताना आणखी एक अट घाला. काही कंट्रोलरची दुरुस्ती फक्त त्याच कंपनीच्या उपकरणाने आणि पासवर्डने होते. तसा कंट्रोलर बसवला की पुढची सगळी वर्षं देखभालीचा करार त्यांच्याच दराने. कोणताही परवानाधारक ठेकेदार दुरुस्त करू शकेल असा कंट्रोलर मागा, आणि सुटे भाग किती वर्षं देणार हे करारात लिहून घ्या. खर्चाची तरतूद म्हणून तर सिंकिंग फंड असतो. आदर्श उपविधीनुसार तो दरवर्षी बांधकाम खर्चाच्या किमान ०.२५ टक्के जमायला हवा. आपल्याकडे किती जमला आहे, हे येत्या सर्वसाधारण सभेत विचारा.

उद्योगांना तर याचा फायदाच होत असेल ना?

वस्तू विकणाऱ्याला होतो. ती वापरणाऱ्या उद्योगाला नाही, आणि पुणे परिसरात वापरणारे उद्योग हजारोंनी आहेत.

भोसरीतल्या एखाद्या शेडमधलं सीएनसी मशीन, म्हणजे संगणकाच्या हुकुमावर धातू कापणारं यंत्र, घ्या. त्याचं बिडाचं बूड तीस वर्षं चालेल. कंट्रोलर दहा-पंधरा वर्षांत ‘बंद झालेलं मॉडेल’ होतो, कारण त्यातल्या चिप बनवणारी कंपनी मोबाईलच्या बाजाराकडे बघून आपले निर्णय घेते. चिप बंद होण्याआधी ‘शेवटची ऑर्डर द्या’ अशी सूचना येते. मोठा कारखाना दहा वर्षांचा साठा उचलतो. लहान वर्कशॉपपर्यंत ती सूचनाच पोचत नाही.

जुन्या कंट्रोलरबाबत एक गोष्ट आज करा. त्यातले पॅरामीटर, म्हणजे त्या मशीनसाठी ठरवलेले आकडे, बहुतेक वेळा एका छोट्या बॅटरीच्या जोरावर मेमरीत टिकून असतात. बॅटरी संपली की पॅरामीटर पुसले जातात आणि चालतं मशीन मुकं होतं. पॅरामीटर आणि लॅडर प्रोग्राम (मशीनने कोणती कृती केव्हा करायची याची आज्ञावली) यांचा बॅकअप घेऊन ठेवा. बॅटरी बदलताना मशीनचा वीजपुरवठा चालू ठेवून, कंपनीच्या पुस्तिकेत दिल्याप्रमाणेच बदला. या विषयावर आयईसी ६२४०२ हे आंतरराष्ट्रीय मानकसुद्धा आहे. त्याचा गाभा असा की भाग बंद होणार हे धरूनच खरेदीच्या दिवसापासून नियोजन करायचं.

हिशेबाच्या बाजूने पाहा. प्राप्तिकरात कॉम्प्युटरवर ४० टक्के घसारा (झिजेपोटी दरवर्षी मिळणारी वजावट) मिळतो, सर्वसाधारण यंत्रसामग्रीवर १५ टक्के. म्हणजे मशीनच्या डोक्यातला भाग लवकर बाद होतो, पण पुस्तकात आख्खं मशीन धीम्या गतीने झिजतं. लहान उद्योजकाने कंट्रोलर बदलण्याची रक्कम वेगळी बाजूला काढायलाच हवी.

उत्पादकाची बाजूही सांगतो. प्रत्येक सुट्या भागासाठी साचा सांभाळायचा, गोदाम ठेवायचं, मागणी किती येईल याचा अंदाज बांधायचा, यात पैसा अडकतो. त्यामुळे कायम भाग पुरवा असं कुणी म्हणणार नाही. किती वर्षं पुरवणार ते आधी जाहीर करा, ही मागणी मात्र अवाजवी नाही. आणि जास्त काळ भाग मिळणाऱ्या वस्तूची पत टिकते, हे पुण्याला कोणी सांगायला नको. आकुर्डीच्या बजाजची पेट्रोलवरची चेतक १९७२ मध्ये आली आणि तिचं उत्पादन केव्हाच थांबलं, पण तिची दुरुस्ती जाणणारा मेकॅनिक अजून सापडतो.

गाड्या विजेवर गेल्या की चाकण-पिंपरीच्या लघुउद्योगांचं काय?

पिस्टन, गिअर, सायलेन्सर, इंजेक्टरचे भाग बनवणाऱ्यांसाठी हा प्रश्न पोटापाण्याचा आहे. इथे माणसाचं कौशल्यच कालबाह्य ठरतं. वीस वर्षं इंजिनच्या भागांचं ग्राइंडिंग करणाऱ्याला बॅटरी पॅकच्या जोडणीचं काम लगेच येत नाही. सरकार नव्या गाडीच्या खरेदीला अनुदान देतं. त्याच धोरणात जुन्या कामगाराच्या प्रशिक्षणाला ठळक जागा हवी, असं माझं ठाम मत आहे.

या सगळ्याचा फटका समाजात कुणाला जास्त बसतो?

ज्याच्याकडे कमी पैसे आहेत त्याला. तो सगळ्यात स्वस्त फोन घेतो, त्याचे अपडेट सगळ्यात लवकर बंद होतात. तो जुना टीव्ही घेतो, त्याचा बोर्ड मिळत नाही. जुन्या वस्तू दुरुस्त होऊन पुन्हा विकल्या जातात तो बाजार, मग तो मंगळवार पेठेतला जुना बाजार असो की गल्लीतलं मोबाईलचं दुकान, हजारो घरांना परवडणाऱ्या वस्तू पुरवतो. भाग आणि माहिती अडवून धरली की या बाजाराचा गळा आवळला जातो, आणि त्यासोबत कारागिराचा रोजगारही जातो. सोल्डरिंगवर हात बसायला वर्षं लागतात. तरुण मुलं या धंद्यात येईनाशी झाली तर ती कला पुन्हा उभी करणं अवघड आहे.

दुसरा फटका कचरा वेचणाऱ्यांना. जगात २०२२ मध्ये ६.२ कोटी टन ई-कचरा निर्माण झाला, आणि त्यातल्या जेमतेम २२.३ टक्क्यांचं संकलन व पुनर्वापर रीतसर झाल्याची नोंद आहे. सर्वाधिक ई-कचरा करणाऱ्या देशांत चीन आणि अमेरिकेनंतर आपला नंबर लागतो. तांब्यासाठी वायरी जाळणं, सोन्यासाठी बोर्ड ॲसिडमध्ये बुडवणं, हे कुणीतरी उघड्या हातांनी करतं आणि तो धूर श्वासात घेतं. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली आणि पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था. २००८ पासून ‘स्वच्छ’ने महापालिकेबरोबर दारोदार कचरा गोळा करण्याचं काम सुरू केलं. त्यातल्या कचरावेचक बायकांनी कचऱ्याच्या वर्गीकरणाला प्रतिष्ठा मिळवून दिली. त्यांच्या हातात आपण फुटकी ट्यूबलाइट ओल्या कचऱ्यातून देतो, हे थांबायला हवं.

म्हणजे नवं ते सगळं वाईट आणि जुनं सांभाळत बसायचं?

नाही. साध्या बल्बच्या जागी एलईडी आले ते उत्तम झालं. जानेवारी २०१५ मध्ये सुरू झालेल्या उजाला योजनेत ३६ कोटींहून अधिक एलईडी बल्ब वाटले गेले आणि वीज वाचली. खूप जुना, गंजलेला, गॅस गळणारा फ्रीज दुरुस्त करत राहणं परवडत नाही. गाड्यांच्या धुराचे नियम कडक झाले तेही हवंच होतं. प्रश्न आहे तो जे बदलायची गरज नाही तेही बदलायला लावण्याचा.

भारत सरकारने काय केलं आहे?

ई-कचऱ्याचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. पूर्वी २१ प्रकारच्या वस्तू होत्या, आता १०६ आहेत. कंपनीने विकलेल्या मालाच्या प्रमाणात ई-कचऱ्याचं पुनर्चक्रीकरण करून दाखवायचं. २०२३-२४ साठी ६० टक्के, पुढे वाढत २०२७-२८ पासून ८० टक्के. मात्र सगळा भर वस्तू मेल्यानंतरच्या सोयीवर आहे. ती जास्त जगावी याला या नियमांत फारसं बळ नाही.

ते बळ दुरुस्तीच्या हक्कातून यायचं आहे. ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२ मध्ये त्यासाठी समिती नेमली. शेती अवजारं, मोबाईल व टॅब्लेट, घरगुती उपकरणं आणि वाहनं ही चार क्षेत्रं ठरली. डिसेंबर २०२२ मध्ये दुरुस्तीची माहिती एका जागी देणारं पोर्टल सुरू झालं. त्यानंतर वस्तू दुरुस्तीला किती सोपी याला गुण देण्याची पद्धत सुचवण्यासाठी दुसरी समिती आली, तिने मे २०२५ मध्ये अहवाल दिला. दिशा बरोबर आहे. पण पोर्टलवर कंपनीने स्वखुशीने माहिती टाकणं वेगळं, आणि भाग दिले नाहीत तर कारवाई होणं वेगळं.

आपल्याकडे दात असलेला एक आदेश मात्र झाला होता. एका ग्राहकाच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने ऑगस्ट २०१४ मध्ये १४ कार कंपन्यांना मिळून सुमारे २,५४५ कोटी रुपयांचा दंड केला. त्यांनी सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती खुल्या बाजारात येऊ दिली नाही, असा ठपका होता. प्रकरण पुढे अपिलात गेलं. तरीही एका माणसाच्या तक्रारीतून काय होऊ शकतं, हे त्यातून कळतं.

परदेशात काय चाललंय?

फ्रान्सने २०१५ मध्ये नियोजित कालबाह्यता हा थेट गुन्हा ठरवला, दोन वर्षांपर्यंत कैद आणि तीन लाख युरो दंड. १ जानेवारी २०२१ पासून तिथे ठरावीक वस्तूंवर दुरुस्तीचे गुण छापावे लागतात. युरोपीय संघात २० जून २०२५ पासून नव्या फोनना सिस्टीमचे अपडेट किमान पाच वर्षं आणि महत्त्वाचे सुटे भाग सात वर्षं देणं बंधनकारक आहे. ऑस्ट्रियाने २०२२ मध्ये दुरुस्तीच्या बिलाचा निम्मा भाग, २०० युरोंपर्यंत, सरकारने भरायची योजना आणली. मला त्यातल्या फ्रान्सच्या गुणांचा मार्ग आपल्यासाठी सर्वात सोयीचा वाटतो. वीजबचतीचे तारे बघून एसी घ्यायची सवय आपल्याला लागलीच आहे, त्याच स्टिकरशेजारी दुरुस्तीचे गुण बसू शकतात.

पण सरकारच नियम बदलून वस्तू बाद करतं, त्याचं काय?

करतं, आणि कधी कधी फार घाईने. २९ मार्च २०१७ ला सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आला आणि १ एप्रिलपासून बीएस-३ या धुराच्या जुन्या मानकाच्या वाहनांची विक्री बंद. दोन दिवस दुचाकीच्या शोरूममध्ये सवलतीसाठी झुंबड उडाली. उलट बीएस-६ या पुढच्या, कडक मानकाची तारीख पुरेशी आधी माहीत होती, त्यामुळे तयारीला वेळ मिळाला. धोरणाकडून अपेक्षा एवढीच: तारीख आधी सांगा, आणि मग ती पाळा.

सरकारी कार्यालयांनी स्वतःपासूनही सुरुवात करावी. डेडस्टॉक रजिस्टरमध्ये (कार्यालयातल्या टिकाऊ वस्तूंच्या नोंदवहीत) नोंद आहे म्हणून बंद कॉम्प्युटर आणि प्रिंटर वर्षानुवर्षं कोपऱ्यात धूळ खात पडतात. निर्लेखन, म्हणजे वस्तू नोंदीतून रीतसर काढून टाकणं, वेळेत झालं तर त्यातले कितीतरी दुरुस्त होऊन शाळांना उपयोगी पडतील. निविदेत सुटे भाग आणि अपडेट यांची मुदत ही अट टाकली तर कंपन्यांना ती मान्य करावीच लागेल, कारण सरकार हा देशातला सर्वात मोठा ग्राहक आहे.

वॉरंटी संपल्यावर भाग मिळाला नाही, तर तक्रार करता येते का?

येते. आधी कंपनीला ईमेलने तक्रार करा आणि नकार लेखी मागा. ‘फोनवर सांगितलं’ याला पुढे किंमत नसते. मग राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर नोंदवा. तरीही दाद लागली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यामुळे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, वस्तूसाठी मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, ऑनलाइन दाखल करण्याची सोय आहे आणि वकील लावण्याची सक्ती नाही. तक्रारीचं कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायला हवं. प्रत्येक प्रकरणात निकाल आपल्या बाजूने लागेल असं नाही. वस्तू किती जुनी, विकताना काय सांगितलं होतं, यावर बरंच ठरतं. म्हणून जाहिरात, पावती, माहितीपत्रक जपून ठेवा. ग्राहक पंचायतीची चळवळ १९७४ मध्ये पुण्यातच, बिंदुमाधव जोशी यांच्या पुढाकाराने सुरू झाली. मदत मागायला लाजू नका.

नवी वस्तू घेताना काय विचारावं?

सुटे भाग किती वर्षं मिळतील, सॉफ्टवेअर कधीपर्यंत, आणि बाहेरच्या मेकॅनिकने उघडलं तर चालेल का. विक्रेता म्हणेल ‘काही काळजी करू नका’. तेच ईमेलवर लिहून द्यायला सांगा. शिवाय खरेदीच्या आधी आपल्या भागातल्या दुरुस्तीवाल्याला एक फोन करा. कुठल्या मॉडेलचे भाग मिळत नाहीत हे त्याला कंपनीच्या जाहिरातीपेक्षा जास्त ठाऊक असतं.

आणि शेवटी टाकायचीच वेळ आली तर?

फोन किंवा कॉम्प्युटर असेल तर बँकेची ॲप, ईमेल यांतून बाहेर पडा, डेटाची प्रत घ्या आणि मग फॅक्टरी रीसेट करा. सिम व मेमरी कार्ड काढून घ्या. फुगलेली बॅटरी दाबू नका, टोचू नका, कचऱ्याच्या डब्यात टाकू नका. ती वेगळी ठेवून देताना तसं सांगा. चालू स्थितीतली वस्तू दुरुस्तीवाल्याला द्या, त्यातले भाग दुसऱ्या कुणाच्या वस्तूला लागतील. पूर्ण बाद झालेली ई-कचऱ्यासाठी वेगळं संकलन करणाऱ्या संस्थेकडे किंवा अधिकृत पुनर्चक्रीकरण केंद्राकडे, आणि शक्य तिथे पोच घेऊन. सोसायटीत सहा महिन्यांतून एक रविवार ठरवला तर एका फेरीत सगळ्यांचं जातं. त्या दिवशी जुने चार्जर आणि वायरीही काढा, बहुतेक घरांत त्यांचा एक अख्खा ड्रॉवर भरलेला असतो.